काचेआडचा आवाज : आदिवासी मौखिक परंपरा, संग्रहालय आणि भ्रमणध्वनी



या स्मृतिव्याख्यानाचे निमंत्रण देताना संस्थेच्या चिटणीसांनी मला विषयाचे स्वातंत्र्य दिले. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाला असे स्वातंत्र्य दिले की तो ज्ञानेश्वरीवर बोलेल, फार तर नाट्यसंगीतावर, अशी सर्वांची खात्री असते. मी विषय कळविला तेव्हा दूरध्वनीवर क्षणभर शांतता पसरली आणि मग प्रश्न आला, ‘‘भ्रमणध्वनी म्हणजे आपला मोबाइलच ना?’’ होय, आपला मोबाइलच. आदिवासी समाजांचे मुखोद्गत वाङ्मय, त्या समाजांच्या वस्तू मांडून ठेवणारी संग्रहालये आणि ती पाहायला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात असलेले हे छोटे यंत्र, या तिघांची आता गाठ पडू लागली आहे. ही गाठ पडताना आवाजाचे धनीपण कोणाकडे राहावे, एवढाच आजचा माझा विषय आहे.

ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर मुलांकडून कविता मोठ्याने म्हणवून घेतल्या. छापील अक्षर हा वाङ्मयाचा केवळ मुक्काम आहे, त्याचा प्रवास कंठातूनच होतो, असे त्यांचे मत होते. तेव्हा हा विषय त्यांना परका वाटला नसता, असे मी धरून चालतो.

वडोदऱ्यात हे बोलण्याला आणखी एक कारण आहे. सयाजीराव महाराजांच्या प्रेरणेने कमाटीबागेतील संग्रहालयाची इमारत १८९४ साली पूर्ण झाली. तेथील देवमाशाचा सांगाडा आणि ईजिप्तची ममी लहानपणी पाहिली नाही असा वडोदरेकर विरळा. याच शहरातून पूर्वेला शंभरेक किलोमीटर गेले की छोटा उदेपूरचा राठवा मुलूख लागतो, दक्षिणेला सोनगड-व्यारा ओलांडून डांगच्या जंगलात शिरता येते. राजधानीचे शहर, त्यातले संग्रहालय आणि शेजारी कोणत्याही लिपीवाचून शतकानुशतके वाङ्मय सांभाळणारे समाज, ही परिस्थिती आपल्याला पुस्तकात शोधावी लागत नाही.

आता एक वस्तू डोळ्यांसमोर आणू. डांग आणि नाशिकच्या सीमेवरील कुंकणा समाजात कथा सांगणारा गायक समोर काशाची थाळी ठेवतो. थाळीच्या मध्यभागी मेणाने एक बारीक काडी उभी चिकटवितो आणि ती बोटांच्या चिमटीत धरून वरून खाली ओढत राहतो. थाळीतून अखंड घुमणारा नाद निघतो. त्या नादावर देवांच्या, कणसरीच्या, रामाच्या कथा रात्ररात्र चालतात. कुंकणा बोलीतील रामकथा डाह्याभाई वाढू यांनी संकलित करून प्रसिद्ध केली आहे. मराठी माणसाने ती कान देऊन ऐकावी. बोली मराठी आणि गुजराती यांच्या मधोमध उभी आहे, आणि दहा वाक्यांतली चार-पाच तरी आपल्याला अर्थासकट कळतात.

हीच थाळी संग्रहालयाच्या काचेच्या कपाटात ठेवा. शेजारी चिठ्ठी लावा : ‘थाळी, कांसे, डांग’. पाहणाऱ्याला काय दिसते? जेवणाची थाळी दिसते. काडी गेली, मेण गेले, नाद गेला, कथा गेली. धातू तेवढा उरला. चिठ्ठी लिहिणाऱ्याने काही खोटे लिहिलेले नाही, तरीसुद्धा पाहणाऱ्याची समजूत पूर्णपणे चुकीची होते. एखाद्याने तुकोबांच्या गाथेपैकी कागदाची जाडी आणि शाईचा रंग तेवढा जतन करावा, असा हा प्रकार आहे.

राठव्यांच्या पिठोऱ्याची गोष्ट याहून गुंतागुंतीची. नवस फेडण्यासाठी घराच्या ओसरीच्या भिंतीवर पिठोरा उमटतो. कुमारिका भिंत शेणामातीने आणि पांढऱ्या मातीने सारवून देतात, लखारा रंग भरतो, रंगांत दूध आणि मोहाची दारू मिसळतात. राठवे लोक पिठोरा ‘काढला’ म्हणत नाहीत, ‘लिहिला’ म्हणतात; लखारा या शब्दातच लिहिणे आहे. लिहून झाल्यावर बडवा अंगात वारे आलेल्या स्थितीत त्यातील एकेक देवता, एकेक घोडा ओळखून सांगतो, आणि पिठोऱ्याची कथा गायली जाते. म्हणजे ज्याला आपण चित्र समजतो ती राठव्यांच्या लेखी संहिता आहे, आणि वाचणारा नसेल तर संहिता अपुरी आहे. ज्योतींद्र जैन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात या विधीचा सविस्तर अभ्यास केला आहे. आज पिठोरा कागदावर आणि कापडावर येऊन दिवाणखान्यांत लागतो. २०२३ साली परेशभाई राठवा यांना पद्मश्री मिळाली, त्याचा आपणा सर्वांना आनंद झाला. परंतु दिवाणखान्यातील त्या घोड्यांची नावे घरमालकाला विचारून पाहा.

महाराष्ट्रातही स्थिती वेगळी नाही. वारली चित्रे आज उपाहारगृहांच्या भिंतींपासून साड्यांच्या पदरापर्यंत पोहोचली आहेत. त्यांचे मूळ लग्नाच्या चौकात आहे. सवासिनी चौक रेखतात, त्यात पालघट देवीची स्थापना होते आणि लग्नविधी चालतो तो धवलेरीच्या गाण्याने. ही धवलेरी म्हणजे गाण्यातून लग्न लावणारी स्त्री. ब्राह्मण पुरोहिताच्या मंत्रांना जे स्थान, तेच तिच्या गीतांना. रेषा जगभर गेल्या, धवलेरी मात्र पाड्यावरच राहिली. आवाज नेण्यासाठी कोणाकडे काही साधन नव्हते, हे त्याचे एक कारण.

ते साधन आता आले आहे. त्याची रीत सोपी आहे, आणि तरुण श्रोत्यांना ती माझ्याहून अधिक ठाऊक आहे. वस्तूशेजारी काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन लावतात, त्याला क्यूआर कोड म्हणतात. पाहणारा त्यावर आपल्या मोबाइलचा डोळा धरतो आणि कानात आवाज सुरू होतो. पूर्वी संग्रहालयांना ध्वनियंत्रे विकत घेऊन ती भाड्याने द्यावी लागत, आता प्रेक्षक स्वतःचे यंत्र खिशात घेऊनच येतो. खर्चाचा बाऊ करण्याचेही कारण नाही. बोललेल्या आवाजाचे साधारण दर्जाचे ध्वनिमुद्रण मिनिटाला अर्धा मेगाबाइट जागा घेते. तासभराची कथा तीस मेगाबाइटमध्ये मावते. लग्नाच्या चित्रफिती आपण याच्या कितीतरी पट आकाराच्या एकमेकांना पाठवितो. मूळ प्रत मात्र अशी दाबून लहान केलेली नसावी, ती उत्तम प्रतीची वेगळी जपावी. तासाला अर्धा गिगाबाइट जागा लागली तरी आज ती महाग नाही.

येथे एका गैरसमजाला वाट देऊ नये म्हणून सांगतो. आदिवासी आणि आधुनिक यंत्र यांचे काही वाकडे आहे, ही कल्पना शहरी आहे. पिठोऱ्याच्या भिंतीवर घोड्यांच्या बरोबरीने रेल्वेगाडी आणि विमानही आलेले दिसते. छत्तीसगडमध्ये २०१० साली ‘सीजीनेट स्वर’ नावाचा उपक्रम सुरू झाला. शुभ्रांशु चौधरी हे त्याचे प्रवर्तक. गावातल्या माणसाने साध्या फोनवरून ठरावीक क्रमांक लावायचा, आपल्या भाषेत बातमी, तक्रार किंवा गाणे सांगायचे आणि ते इतरांनी फोनवरूनच ऐकायचे. लिहिता-वाचता येण्याची अट नाही. पुढे जेथे जाळे पोहोचत नाही तेथे ध्वनिमुद्रणे एका मोबाइलमधून दुसऱ्यात ब्लूटूथने देण्याची पद्धत आली; लोकांनी तिला ‘बुल्टू रेडिओ’ हे झकास नाव दिले. गोंडी बोलणाऱ्यांना वृत्तपत्राने जे दिले नाही, ते या यंत्राने दिले. अक्षराच्या वाटेने न जाता थेट आवाजाच्या वाटेने जाणारे हे साधन मुखोद्गत परंपरेच्या स्वभावाला जवळचे आहे. माझ्या पिढीतील मराठीच्या अध्यापकांना हे मान्य करणे जड जाते, कारण आम्ही ‘वाङ्मय’ या शब्दातील वाणी विसरून छापखान्याशी लग्न लावले होते.

तेव्हा थाळीपुढे उभे राहून थाळीचा नाद ऐकता येणे हे चांगले आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. शंका पुढची आहे. तो नाद कोणी दिला, कोणाला विचारून दिला, आणि उद्या तो कोठे कोठे जाईल?

या प्रश्नाला एक सव्वाशे वर्षांहून जुनी कथा आहे, आणि ती अमेरिकेतील आहे. एडिसनने १८७७ मध्ये ध्वनिलेखनाचे यंत्र सिद्ध केले. त्याची मेणाच्या नळकांड्यांवर चालणारी सुधारित आवृत्ती घेऊन जेसी वॉल्टर फ्यूक्स हे संशोधक मार्च १८९० मध्ये मेन राज्यातील कॅलिस या गावी गेले आणि तेथील पासामाक्वॉडी या आदिम समाजातील माणसांची गाणी, कथा, शब्द त्यांनी नळकांड्यांवर घेतले. कोणत्याही समाजात प्रत्यक्ष जाऊन केलेले हे पहिले ध्वनिमुद्रण मानले जाते. नळकांडी हार्वर्डच्या पीबडी संग्रहालयात गेली, पुढे वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात आली. ज्यांचे आवाज होते त्यांच्या नातवंडांना आपल्या आज्या-पणज्यांचा आवाज कोठे तरी जपलेला आहे याचा लाभ जवळजवळ नव्वद वर्षे झाला नाही. १९७९ मध्ये सुरू झालेल्या एका सरकारी प्रकल्पातून ध्वनिफितींच्या रूपाने प्रती परत गेल्या. खरखर इतकी की शब्द लागेनात. अलीकडे नव्या तंत्राने आवाज स्वच्छ झाला, आणि भाषा जाणणाऱ्या ज्येष्ठांनी एकेक नळकांडे पुनःपुन्हा ऐकून शब्द लावले. यातील खरे महत्त्वाचे पाऊल २०१८ चे आहे. काँग्रेस ग्रंथालयाने ही ध्वनिमुद्रणे जगासाठी खुली केली तेव्हा प्रत्येकावर पासामाक्वॉडी समाजाने स्वतःच्या भाषेत ठरविलेल्या सूचना लावल्या. कोणती गोष्ट शिकण्यासाठी आहे, तिचे श्रेय कसे द्यावे, हे त्यांनी सांगितले. एका सूचनेचा अर्थ इतकाच : ‘हे विकले जात नाही.’

ही सूचना म्हणजे कायदा नव्हे. कायद्याने पाहिले तर चित्र वेगळे दिसते, आणि आपल्याकडेही ते तसेच आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क ते घडवून आणणाऱ्याकडे जातो आणि साठ वर्षे राहतो. गाणाऱ्याला १९९४ च्या दुरुस्तीने ‘सादरकर्त्याचे हक्क’ मिळाले, २०१२ मध्ये ते वाढले. परंतु हे सारे व्यक्तीचे हक्क आहेत. पिठोऱ्याची कथा कोणा एका बडव्याची नाही आणि धवलेरीने आपली गाणी स्वतः रचलेली नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या समाजाने मिळून सांभाळलेल्या वाङ्मयाला या कायद्यात मालकच सापडत नाही. ज्याला मालक नाही ते सर्वांचे, असा अर्थ मग सोयीने काढला जातो. त्याचा परिणाम असा की शहरातून ध्वनिमुद्रक घेऊन गेलेला माणूस संध्याकाळी परत येतो तेव्हा हक्कदार होऊन येतो, आणि रात्रभर गायलेला माणूस पुन्हा शेतावर जातो.

ध्वनिमुद्रकाच्या काळात हा अन्याय कपाटात बंद तरी राहत असे. आता प्रेक्षकाच्या हातातील जे यंत्र आवाज ऐकविते, तेच तो टिपून घेते आणि घटकाभरात शंभर ठिकाणी धाडते. विधीतले गाणे दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी नाचाच्या चित्रफितीमागे वाजू शकते. आणि आता तर ध्वनिमुद्रणांवरून यंत्राला बोलायला शिकविता येते, एखाद्याच्या आवाजासारखा आवाज घडविता येतो. केंद्र सरकारच्या आदिवासी कार्य मंत्रालयाने २०२५ मध्ये ‘आदि वाणी’ नावाचे भाषांतराचे साधन पुढे आणले, त्यात भिली, गोंडी, संथाली, मुंडारी या भाषा घेतल्या. २०११ च्या जनगणनेत भिली किंवा भिलोडी या भाषेखाली एक कोटी चार लाख लोक मोजले गेले, तरीही ती आठव्या अनुसूचीत नाही. अशा भाषेला यंत्रात जागा मिळाली याचे स्वागत केले पाहिजे. परंतु यंत्राला शिकवायला लागणारे आवाज कोणाचे आणि त्यांची संमती कशाकशासाठी, हा प्रश्न स्वागताच्या भाषणात कोणी विचारीत नाही.

यावर एक आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो मराठी माणसाच्या तोंडी शोभणारा आहे. ज्ञान कोंडून ठेवणे आपल्या संतांना मान्य नव्हते. ज्ञानदेवांनी गीता संस्कृताच्या कुलुपातून काढली. मग आदिवासींनी आपल्या कथा झाकून का ठेवाव्यात? आक्षेप ऐकायला गोड आहे. पण दोन्हीकडील बाजू नीट पाहाव्यात. ज्ञानदेवांच्या काळी ज्यांच्याकडे सत्ता आणि प्रतिष्ठा होती ते ज्ञान अडवून बसले होते, आणि ते सर्वांना मिळावे अशी मागणी वंचितांच्या बाजूची होती. येथे ज्यांची जमीन गेली, जंगल गेले, ज्यांच्याकडे आपली कथा तेवढी उरली, त्यांना आपण सांगतो आहोत की तीही खुली करा. संतांची साक्ष या बाजूने काढता येणार नाही, असे मला वाटते.

शिवाय झाकणे म्हणजे नाकारणे नव्हे. आवाजाला वेळ-काळ असतो. अमेरिकेतील नवाहो लोक कोल्ह्यासारख्या कायोटी प्राण्याच्या कथा फक्त हिवाळ्यात सांगतात. ऑस्ट्रेलियातील अनेक आदिम समाजांत मृत व्यक्तीचे चित्र किंवा आवाज अचानक समोर येणे आप्तांना क्लेशकारक असते, म्हणून तेथील संग्रहालये प्रारंभीच तशी सूचना देतात. आपल्याकडे चातुर्मासाच्या कहाण्या कार्तिकानंतर कोण सांगते? ऐकणाऱ्याच्या हातात तांदळाचे दाणे असल्यावाचून कहाणी सुरू होत नाही, हे माझ्या वयाच्या बायाबापड्यांना सांगावे लागणार नाही.

हे नियम यंत्रात बसविता येतात, हे ऑस्ट्रेलियातील एका उदाहरणाने दाखवून दिले आहे. टेनंट क्रीक या गावच्या वारुमुंगु लोकांकडे त्यांची जुनी छायाचित्रे आणि ध्वनिमुद्रणे परत येऊ लागली तेव्हा ती ठेवायची कशी असा प्रश्न पडला. किम ख्रिस्टन या अमेरिकन अभ्यासक स्त्रीने त्यांच्याबरोबर बसून एक संगणकीय संग्रह रचला. त्याला नाव मिळाले ‘मुकुर्तु’. मुकुर्तु म्हणजे पवित्र वस्तू ठेवण्याची झोळी. झोळी वडीलधाऱ्यांपाशी असते. ज्याला त्यातले पाहायचे त्याने त्यांच्याकडे जावे, नीट वागावे, शिकावे. संग्रहात प्रत्येक वस्तू उघडताना तेच होते : ही पुरुषांनी पाहायची की स्त्रियांनी, कोणत्या कुळाने, यातील व्यक्ती हयात आहे का, हे समाज ठरवितो आणि यंत्र पाळते. आज ही रचना जगातील अनेक आदिम समाज विनामूल्य वापरतात. मला यातील तंत्राहून झोळीची कल्पना मोठी वाटते. आपल्या संग्रहालयांची कल्पना कपाटाची आहे, आणि कपाटाची किल्ली व्यवस्थापकाच्या कमरेला असते.

आता श्रेयाविषयी थोडे. येथे मराठीचा अभ्यासक म्हणून मला काही सांगायचे आहे, आणि त्यात जरा रेंगाळलो तर अध्यक्षांनी क्षमा करावी. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा गोळा केल्या. ज्याने जी लीळा पाहिली किंवा ऐकली त्याच्याकडे जाऊन ती घ्यायची, नागदेवाचार्यांकडून तपासून घ्यायची, अशी त्यांची रीत होती. पुढे मूळ पोथी नष्ट झाली तेव्हा आठवणीतून पुन्हा पाठ सिद्ध झाले. महानुभाव पंडितांनी त्यांतील भेद दडपले नाहीत, अमुक पाठ अमक्याचा अशी नोंद ठेवली आणि त्या पाठाला ‘वासना’ म्हटले. मराठी गद्याच्या आरंभी मुखोद्गत साहित्य कसे हाताळावे याचा असा धडा पडलेला आहे. आपण तो गिरविला का? आमच्या कितीतरी लोकसाहित्यसंग्रहांत ओवी आहे, गाणारीचे नाव नाही. ‘एका वृद्ध स्त्रीकडून’ एवढ्यावर तिची बोळवण. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, त्यांत गाणारीचे नाव आणि गाव होते. २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या ध्वनी, छायाचित्र आणि भाषांतरासह प्रसिद्ध केल्या. बाईचे नाव दिसले की ओवी बदलते, हे ज्याने त्या ऐकल्या त्याला पटेल. ‘लोक’ गात नाहीत, कोणी तरी एक बाई गाते. संग्रहालयातील मोबाइलवर आवाज सुरू होण्याआधी त्या माणसाचे नाव, गाव आणि बोली त्याच्याच तोंडून ऐकू आली पाहिजे. त्याला नाव द्यायचे नसेल तर तेही त्याने ठरवावे.

एक गोष्ट मात्र कोणत्याही यंत्राला देता येणार नाही, आणि ती म्हणजे हुंकार. गोष्ट सांगणाऱ्याला समोरून कोणी ‘हूं’ म्हणावे लागते. गुजरातीत याला ‘हुंकारो’ म्हणतात. हुंकार थांबला की सांगणारा थांबतो, ऐकणारा झोपला असे समजतो. भगवानदास पटेल यांनी साबरकांठ्यातील डुंगरी भिलांचे ‘भीलोनुं भारथ’ ध्वनिफितींवर घेऊन प्रसिद्ध केले. महाभारताचे हे भिलांमध्ये गायले जाणारे रूप पानावर वाचताना देखील समोर बसलेल्या मेळ्याची जाणीव सुटत नाही. मोबाइल आपण हुंकार दिला काय आणि न दिला काय, बोलतच राहतो. म्हणून कानात लावलेली कथा ही कथेची ओळख आहे, कथा ऐकणे नव्हे, हे संग्रहालयाने स्पष्ट सांगावे. तीन-चार मिनिटांचा अंश पुरे. पुढची रात्रभराची कथा ज्याला हवी त्याने, बोलावणे असेल तर, गावी जाऊन ऐकावी.

हे सर्व हवेतील बोलणे नाही. वडोदऱ्यात १९९६ साली गणेश देवी यांनी ‘भाषा’ ही संस्था स्थापन केली आणि छोटा उदेपूरजवळ तेजगढ येथे आदिवासी अकादमी उभी राहिली. तेथील संग्रहालयाचे नाव ‘वाचा’, म्हणजे आवाजाचे संग्रहालय. वस्तू तेथेही आहेत, वाद्ये आहेत, पिठोरा आहे. परंतु नाव आवाजाला दिले आणि जागा त्या समाजांच्या मधोमध निवडली, हे मला मोलाचे वाटते. भोपाळचे मानव संग्रहालय आणि २०१३ मध्ये सुरू झालेले जनजातीय संग्रहालय भव्य आहेत, कलावंतांना बोलावून त्यांच्याकडून उभे केलेले आहेत, तेही पाहावे. पण तेजगढला गावातला माणूस सहज आत येऊन बसतो. वडोदऱ्याच्या संग्रहालयात तो येतो का?

हा प्रश्न मी मुद्दाम विचारतो. दाहोद, छोटा उदेपूर, झाबुआ, अलिराजपूर येथील हजारो माणसे या शहरात इमारतींच्या कामावर आहेत. आपल्या उपनगरांतील कितीतरी मजले त्यांनी चढविले. त्यांच्या हातातही मोबाइल आहे; रात्री कामाच्या जागी त्यावर त्यांच्याच बोलीतील गाणी वाजताना आपण ऐकतो आणि बहुधा आवाज कमी करा म्हणतो. संग्रहालयात राठवी किंवा भिली आवाज ठेवायचे झाले तर पहिला श्रोता कोण असावा? मला वाटते, हेच लोक. आज अशा व्यवस्थेची आखणी होते ती परदेशी प्रवासी आणि शालेय सहली डोळ्यांपुढे ठेवून : इंग्रजी, हिंदी, गुजराती निवेदन, मागे पार्श्वसंगीतासारखे आदिवासी गाणे. क्रम उलटा करावा. आधी मूळ बोलीत मूळ आवाज, पूर्ण वाक्यांत. ज्याला कळत नाही त्याने मग भाषांतर ऐकावे. रविवारी त्या वस्त्यांतील कुटुंबांना विनामूल्य प्रवेश द्यावा. बांधकामावरचे मूल काचेपुढे उभे राहून आपल्या आजोबांच्या बोलीतली कथा ऐकते आणि शेजारी उभ्या असलेल्या आपल्या शाळेतील मुलाला त्याचा अर्थ सांगते, एवढे जरी घडले तरी यंत्राचे पैसे वसूल झाले.

तांत्रिक बाजूने हेही सांगतो की आवाज महाजालावर चढविलाच पाहिजे असे नाही. संग्रहालयात पुस्तकाएवढी एक पेटी ठेवता येते. तिच्याशी जवळपासचे मोबाइल बिनतारी जोडले जातात आणि ऐकणे त्या दालनापुरते राहते. बाहेर पडले की आवाज मागे राहतो. ऋतूचा नियम असेल तर त्या ऋतूत ती नोंद उघडणार नाही अशी योजना करता येते. चोरून टिपणारा टिपेलच, त्याला कोणते कुलूप पुरणार? पण संस्थेने आपल्या हाताने दार सताड उघडणे आणि कोणी भिंतीवरून उडी मारणे यांत फरक आहे.

माजी विद्यार्थ्यांकडे एक मागणी आहे. आपल्यापैकी अनेक जण संगणकक्षेत्रात आहेत, काही वकील आहेत, काही छोटा उदेपूर आणि तापी जिल्ह्यांत शिक्षक आणि डॉक्टर आहेत. शाळेने एक लहान प्रयोग करावा. एकच वस्तू घ्यावी. माझे मत विचाराल तर ती थाळी. डांगमधील थाळीगायकांना येथे बोलावण्याआधी आपण तिकडे जावे, आणि पहिल्या भेटीत ध्वनिमुद्रक नेऊ नये. काय ऐकवायचे, किती, कोणत्या महिन्यात, त्याचे मानधन काय, पुढे नको वाटले तर नोंद काढून कशी घ्यायची, हे त्यांच्या बोलीत बोलून ठरवावे. कागदावरील संमतीबरोबर त्यांच्या आवाजातील संमतीही जपावी, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही आपण कशाला हो म्हटले ते पुन्हा ऐकता येईल. मूळ ध्वनिमुद्रणाची पहिली प्रत गावात राहावी. शाळेकडे असेल ती दुसरी. करारनामा वकील मित्रांनी लिहावा, पण सोप्या मराठीत आणि गुजरातीत लिहावा, एवढी एका भाषाशिक्षकाची विनंती.

वेळ संपत आली आहे. प्रश्नोत्तरांसाठी पंधरा मिनिटे राखली आहेत असे चिटणीस सांगतात. मेगाबाइटचे हिशेब मी नातवाकडून तपासून घेतले आहेत, तरी तरुण मंडळींनी त्यांची झडती अवश्य घ्यावी. आणि सभागृहात कुंकणा, राठवी किंवा भिली बोलणारे कोणी असेल तर पहिला प्रश्न त्यांनी विचारावा; त्यांच्याच बोलीत विचारला तरी चालेल, भाषांतर आपण करून घेऊ.